सौर मनोऱ्याला किती तापमान हवे?

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतात ओदेयो नावाचे एक लहान गाव आहे. तेथे १९७० च्या सुमारास एक मोठी सौर भट्टी सुरू झाली. उतारावर मांडलेले ६३ सपाट आरसे सूर्यप्रकाश एका बहुमजली इमारतीएवढ्या अंतर्गोल आरशावर टाकतात, आणि तो आरसा तो प्रकाश एकवटून ३००० अंश सेल्सिअसच्याही वर तापमान मिळवून देतो. आता दुसरे उदाहरण पाहा. स्पेनच्या सेव्हिल प्रांतात २०११ मध्ये जेमासोलार हे सौर मनोऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. तेथे २६५० आरसे आहेत, प्रत्येकाचे क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस मीटर, आणि ते सर्व १४० मीटर उंच मनोऱ्याच्या माथ्यावर प्रकाश टाकतात. एवढा सारा पसारा मांडून मनोऱ्यातून खाली येणारा द्रव तापलेला असतो अवघा ५६५ अंशांपर्यंत!

एखादा चौकस विद्यार्थी विचारील की आरसे चाळीसपट असताना तापमान इतके कमी का? या प्रश्नाला आपल्याकडे जे उत्तर मिळते, त्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

सौर ऊर्जेवरचे लोकप्रिय लेख, विज्ञान प्रदर्शनांतील तक्ते आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या यांत सौर मनोऱ्याचे वर्णन साधारणपणे असे असते : ‘हजारो आरसे सूर्यप्रकाश एका बिंदूवर केंद्रित करतात. त्यामुळे प्रचंड तापमान निर्माण होते. तापमान जितके जास्त तितकी कार्यक्षमता जास्त. मात्र धातू वितळत असल्याने तापमानाला मर्यादा पडते.’ वाचायला हे सोपे वाटते आणि पाठही चटकन होते. परंतु यातले पहिले वाक्य भूमितीच्या दृष्टीने चुकीचे आहे, तिसरे अर्धवट आहे, आणि चौथ्यात दिलेले कारण खरे कारण नव्हे. या वर्णनाने विद्यार्थ्याची अशी समजूत होते की अभियंत्यांना अधिक तापमान हवेच आहे, फक्त तसा धातू मिळत नाही म्हणून ते अडून बसले आहेत. प्रत्यक्षात न वितळणारा धातू उद्या सापडला, तरी मनोऱ्यावरचा शोषक हजार अंशांवर चालवणे तोट्याचेच ठरेल. (मनोऱ्याच्या माथ्यावरच्या ज्या भागात प्रकाशाची उष्णता होते, त्याला इंग्रजीत रिसीव्हर म्हणतात. आपण त्याला शोषक म्हणू.)

बिंदू नव्हे, बिंब

सूर्य हा बिंदू नाही. पृथ्वीवरून त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाएवढे दिसते. रेडियनमध्ये सांगायचे तर ०.००९३. म्हणून आरसा कितीही निर्दोष असला, तरी त्याने पाडलेली सूर्याची प्रतिमा अंतराच्या ०.००९३ पट रुंद असणारच. ओदेयोच्या अंतर्गोल आरशाचे नाभीय अंतर १८ मीटर आहे. तेथे सूर्यप्रतिमा १७ सेंटिमीटरची पडते. एवढ्या लहान जागेत सारी शक्ती उतरते, म्हणून तेथे दहा हजार सूर्यांइतकी तीव्रता गाठता येते. मनोऱ्यापासून ५०० मीटरवर असलेल्या आरशाची प्रतिमा मात्र साडेचार मीटरहून मोठी होते. त्यात आरशाच्या काचेतले दोष आहेत, वाऱ्याने होणारी थरथर आहे आणि दिशा साधण्यातली चूकही आहे. कॅलिफोर्नियातील बारस्टोजवळच्या ‘सोलर टू’ या प्रायोगिक केंद्राचा शोषक ६.२ मीटर उंच आणि ५.१ मीटर व्यासाचा होता, तो यामुळेच. त्याच्या दंडगोल पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढले तर सुमारे १०० चौरस मीटर येते, आणि त्यात शोषली जाणारी औष्णिक शक्ती होती ४२ मेगावॅट. म्हणजे दर चौरस मीटरला सरासरी चारशेहून थोडे अधिक किलोवॅट.

दुपारच्या स्वच्छ उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे १ किलोवॅट असते, हे आपण जाणतो. तेव्हा मनोऱ्यावर सरासरी चार-पाचशे सूर्य एकवटतात असे म्हणता येईल. आरशांची संख्या दुप्पट केली म्हणून ही तीव्रता आपोआप दुप्पट होत नाही. नवे आरसे अधिक दूर बसवावे लागतात, त्यांच्या प्रतिमा अधिक मोठ्या पडतात, आणि त्यांच्यासाठी शोषकही मोठा करावा लागतो. म्हणजे आरसे वाढवून शक्ती वाढते, पण तीव्रता त्या प्रमाणात वाढत नाही. हा भेद आपल्या वर्णनांत जवळजवळ कधीच केला जात नाही, आणि पुढचा सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

दोन वक्रांची रस्सीखेच

आता ‘तापमान जास्त तितकी कार्यक्षमता जास्त’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य कार्नोच्या नियमातून आलेले आहे आणि उष्णता-इंजिनापुरते ते अगदी खरे आहे. पण इंजिनाला उष्णता पुरवणारा शोषक स्वतःही तापलेला असतो, आणि तापलेली प्रत्येक वस्तू प्रारण बाहेर टाकते. हे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा स्टीफन-बोल्ट्झमन नियम अकरावी-बारावीत शिकवला जातो आणि कार्नोही तेथेच शिकवला जातो. दोन्ही एकाच उदाहरणात एकत्र आणण्याचे कष्ट मात्र कोणी घेत नाही. ते आपण येथे घेऊ.

समजा, शोषकाच्या दर चौरस मीटरवर ५०० किलोवॅट प्रकाश पडतो. सोपेपणासाठी शोषक आदर्श काळा मानू, वारा नाही असे धरू, आणि इंजिनाची थंड बाजू ४० अंश सेल्सिअस, म्हणजे ३१३ केल्व्हिन घेऊ. शोषक २५० अंशांवर असेल तर तो दर चौरस मीटरला सुमारे ४ किलोवॅट प्रारण परत फेकतो. ५०० मधून ४ गेले, म्हणजे नुकसान नगण्य; शोषकाची कार्यक्षमता ९९ टक्के. पण कार्नोच्या हिशेबाने इंजिनाची कमाल कार्यक्षमता भरते ४० टक्के. दोहोंचा गुणाकारही ४० टक्क्यांच्या आसपासच राहतो.

तापमान ५६५ अंश, म्हणजे ८३८ केल्व्हिन केले तर प्रारण २८ किलोवॅट होते. शोषकाची कार्यक्षमता ९४.४ टक्के, कार्नोची ६२.६ टक्के, गुणाकार ५९ टक्के. केवढी मोठी झेप! येथपर्यंत ‘तापमान जास्त तितके बरे’ हे वाक्य टिकते. आणखी पुढे जाऊ. ७०० अंशांवर प्रारण ५१ किलोवॅट, शोषक ९० टक्के, कार्नो ६८ टक्के, गुणाकार ६१ टक्के. म्हणजे १३५ अंश चढूनही लाभ जेमतेम दोन टक्क्यांचा. ८०० अंशांवर गुणाकार ६० टक्के, म्हणजे उतरण सुरू झालेली आहे. १००० अंशांवर शोषक १४९ किलोवॅट परत फेकतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के उरते, आणि कार्नोचे ७५ टक्के हाती असूनही गुणाकार ५३ टक्क्यांवर येतो. हजार अंशांचा मनोरा ५६५ अंशांच्या मनोऱ्याहून वाईट! आणि या साऱ्या गणितात कोठेही धातू वितळलेला नाही.

हे आकडे फळ्यावर आलेख काढून दाखवावेत. एक वक्र वर चढत चढत सपाट होत जातो, दुसरा आधी सपाट असून पुढे कोसळतो, आणि त्यांच्या गुणाकाराची टेकडी ७०० अंशांच्या आसपास माथा गाठते. टेकडीचा माथा पसरट आहे, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे, कारण अभियंत्यांच्या निर्णयाचे मर्म त्या पसरटपणात आहे. माथ्यापासून शे-दीडशे अंश खाली राहिले तर दोनच टक्के गमवावे लागतात. त्या बदल्यात स्वस्त पोलाद, परिचयाचे क्षार आणि दशकानुदशके वापरात असलेली वाफेची टर्बाइन मिळत असेल, तर हा सौदा कोणीही करील.

प्रकाशाची तीव्रता बदलली की माथाही सरकतो. दर चौरस मीटरला ३०० किलोवॅट धरले तर तो ६२० अंशांच्या आसपास येतो. १००० किलोवॅट धरले तर ८५० च्या जवळ जातो. म्हणून ‘मनोऱ्याचे योग्य तापमान किती’ या प्रश्नाला तीव्रता सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. वर्तमानपत्रांत छापून येणारा तापमानाचा एकटा आकडा एवढ्यासाठीच निरुपयोगी असतो.

आता तापमान आणखी वाढवत नेले तर काय होईल? १४५० अंशांच्या सुमारास शोषक पडलेला सारा, म्हणजे ५०० च्या ५०० किलोवॅट, प्रकाश प्रारणाच्या रूपाने परत फेकतो. तेथे त्याची कार्यक्षमता शून्य होते. हेच त्या शोषकाचे कमाल तापमान, आणि त्या तापमानाला तो एका पैशाचेही काम करत नाही. ओदेयोच्या भट्टीतले ३००० अंश हे या जातीचे तापमान आहे. पदार्थ तापवून त्यांची परीक्षा घ्यायची असेल तर ते अमोल आहे. त्यातून वीज काढणे हा त्या भट्टीचा उद्देशच नव्हे. हाच अनुभव शाळेतल्या पेटीवजा सूर्यचुलीवरही घेता येतो. चूल सर्वांत जास्त केव्हा तापते? रिकामी असताना. आत डाळ-तांदळाचे डबे ठेवले की तापमान उतरते, पण उपयोगी उष्णता तेव्हाच हाती येऊ लागते. दोन सारख्या चुलींत, एकीत अर्धा लिटर आणि दुसरीत दोन लिटर पाणी ठेवून तासाभराने तापमान मोजावे, आणि कोणत्या पाण्यात जास्त उष्णता साठली याचा हिशेब मुलांना करायला लावावा. हा प्रयोग सौर मनोऱ्याच्या दहा रंगीत चित्रांपेक्षा मोलाचा आहे.

वरच्या गणितात सोपेपणासाठी काही गोष्टी सोडल्या आहेत, त्यांचा उल्लेख करायला हवा. खऱ्या शोषकाचा सर्व पृष्ठभाग एकाच तापमानाला नसतो. द्रव २९० अंशांवर आत शिरतो आणि ५६५ अंशांवर बाहेर पडतो. उलट नळीची बाहेरची भिंत आतल्या द्रवापेक्षा अधिक तापलेली असते. वारा उष्णता वाहून नेतो, आणि काळा रंगही पाचेक टक्के प्रकाश परावर्तित करतोच. ‘सोलर टू’च्या शोषकाची प्रत्यक्ष मोजलेली कार्यक्षमता मंद वाऱ्यात ८८ टक्के भरली, आपल्या आदर्श ९४ टक्क्यांहून सहा टक्के कमी. गणित आणि वास्तव यांच्यात एवढेच अंतर असेल, तर गणिताने आपले काम चोख केले असे म्हणायला हरकत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवे. घरावरच्या सौर बंबाच्या संदर्भात आपण ‘निवडक लेपा’चे महत्त्व शिकवतो : प्रकाश शोषणारा, पण उष्णता कमी उत्सर्जित करणारा लेप. मनोऱ्याच्या बाबतीत मुले हेच उत्तर घोकून देतात. पण येथे ५०० किलोवॅट आत येतात आणि २८ बाहेर जातात. शोषकता १ टक्क्याने वाढली तर ५ किलोवॅट वाचतात. उत्सर्जकता १ टक्क्याने घटली तर वाचतात पाव किलोवॅटहून थोडे अधिक. अठरापट फरक! मनोऱ्यावर म्हणून साधा, दाट, टिकाऊ काळा रंगच आजवर लावत आले आहेत. त्याची उत्सर्जकता चांगली नाही हे माहीत असूनही.

मर्यादा नेमकी कोठे आहे?

धातू वितळतो म्हणून मर्यादा येते, हे वर्णनातले चौथे वाक्य. गंजरोधी पोलाद सुमारे १४०० अंशांना वितळते. मनोरा ५६५ ला थांबतो. मधल्या आठशे अंशांचे काय? क्षारांचा पंप अचानक बंद पडला, तर नळ्या त्या १४५० अंशांच्या दिशेने धाव घेतील. म्हणून सारे आरसे तातडीने दुसरीकडे वळवण्याची व्यवस्था असते, हे खरे. पण ती अपघाताची गोष्ट झाली. रोजच्या कामात मर्यादा येते ती क्षारांमुळे आणि नळ्यांच्या दमण्यामुळे.

वापरले जाणारे क्षार म्हणजे सोडियम नायट्रेट ६० टक्के आणि पोटॅशियम नायट्रेट ४० टक्के यांचे मिश्रण. शेतकऱ्यांना खत म्हणून माहीत असलेली द्रव्ये. हे मिश्रण सुमारे २४० अंशांखाली गोठू लागते आणि ६०० अंशांच्या वर त्याचे विघटन होऊ लागते. नायट्रेटमधला ऑक्सिजन सुटतो, नायट्राइट तयार होते, आणखी पुढे ऑक्साइडे निर्माण होऊन नळ्या खाऊ लागतात. नळीच्या भिंतीला लागून वाहणारा क्षारांचा थर मधल्या प्रवाहाहून अधिक तापलेला असतो. तो ६०० च्या फार वर जाऊ नये म्हणून बाहेर पडणाऱ्या क्षारांना ५६५ वर थांबवतात.

नळ्यांचे दुखणे वेगळे. ‘सोलर टू’मध्ये सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या ७६८ नळ्या होत्या, भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. अशा नळीला एकाच बाजूने ऊन लागते. सर्वांत प्रखर जागी दर चौरस मीटरला ८०० किलोवॅट पडत असतील आणि पोलादाची उष्णतावाहकता सुमारे २० वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन असेल, तर एका मिलिमीटर जाडीत तापमानाचा फरक किती? उत्तर ४० अंश येते. एवढ्याशा पत्र्याच्या दोन बाजूंत चाळीस अंश! पुढची बाजू प्रसरण पावू पाहते, मागची तिला ओढून धरते. असे रोज सकाळी होते, ढग आला-गेला की पुन्हा होते. तीस वर्षांत नुसत्या सकाळीच अकरा हजार होतात. तार वारंवार वाकवली की तुटते, तशी ही नळी दमते. म्हणून क्षारांच्या शोषकावर दर चौरस मीटरला साधारण १००० किलोवॅटपेक्षा जास्त प्रकाश टाकायला अभियंते धजावत नाहीत. येथे एक गाठ पडते ती लक्षात घ्यावी. अधिक तापमान परवडायचे तर तीव्रता वाढवायला हवी, आणि नळीची भिंत नेमकी तीव्रतेलाच घाबरते.

तापमान नव्हे, साठवण

सौर मनोऱ्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची प्रगती तापमानाची नव्हती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘सोलर टू’च्याच जागी आधी ‘सोलर वन’ हे १० मेगावॅटचे केंद्र होते. ते १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्याला १८१८ आरसे होते. त्याच्या शोषकात पाण्याची थेट वाफ होई, ५१६ अंशांपर्यंत. म्हणजे तापमान पुढच्या केंद्राहून फारसे कमी नव्हते. दोष दोन होते. ढग आला की वाफ खाली बसे आणि टर्बाइन थांबण्याची पाळी येई. दुसरे, उष्णता साठवण्यासाठी तेल आणि दगडगोट्यांची टाकी होती. तेल जास्त तापवता येत नसे. त्यामुळे ५१६ अंशांना कमावलेली उष्णता साठ्यातून परत मिळे ती सुमारे २७५ अंशांच्या वाफेच्या रूपाने. ज्यूलचा हिशेब पूर्ण, पण उष्णतेची किंमत उतरलेली! ऊष्मागतिकीचा दुसरा नियम शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

१९९६ मध्ये त्याच मनोऱ्यावर नवा शोषक बसवून ‘सोलर टू’ सुरू झाले आणि १९९९ पर्यंत चालले. त्यात क्षार स्वतःच उष्णता शोषत, स्वतःच टाकीत साठून राहत, आणि हवे तेव्हा जवळपास त्याच तापमानाला वाफ करून देत. ढगाचा आणि टर्बाइनचा संबंधच तुटला. एकदा तर या केंद्राने जवळजवळ एक आठवडा रात्रंदिवस वीज दिली. शोषकाचे तापमान अवघे पन्नासेक अंशांनी वाढले होते. पुढे जेमासोलारने १५ तासांचा साठा बाळगून २०११ च्या जुलैमध्येच अखंड चोवीस तास वीज देऊन दाखवली.

याच्या शेजारी सेव्हिलजवळचेच पीएस-१० हे केंद्र ठेवून पाहावे. ते २००७ मध्ये सुरू झाले, ११ मेगावॅटचे, ६२४ आरशांचे. त्याचा शोषक खोलगट कोनाड्यासारखा आहे आणि वाफ फक्त २५० अंशांची. शोषकाची कार्यक्षमता ९२ टक्के, म्हणजे ‘सोलर टू’हून सरस. पण इतक्या कमी तापमानाच्या वाफेवर टर्बाइनचा गाडा ३० टक्क्यांच्या आसपास अडतो. दोहोंचा गुणाकार २८ टक्के. क्षारांच्या नव्या केंद्रांत शोषक ८८ टक्के आणि टर्बाइन ४० टक्के धरली तर तोच गुणाकार ३५ टक्के होतो. शोषक अधिक चांगला आणि तरी केंद्र कमी कार्यक्षम. तापमानाचा एकटा आकडा जितका फसवा, तितकाच शोषकाच्या कार्यक्षमतेचा एकटा आकडाही फसवा असतो.

शिवाय हे सगळे आकडे भर दुपारचे. शोषकाचे प्रारण तापमानावर ठरते. आत किती प्रकाश येतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही. दुकान चालो न चालो, भाडे तेवढेच. दुपारी ५०० किलोवॅटमधून २८ जातात तेव्हा नुकसान साडेपाच टक्के असते. सकाळी किंवा विरळ ढगांत १५० च येत असतील, तर त्याच २८ चे नुकसान जवळजवळ १९ टक्के होते. शोषक जितका गरम, तितके हे भाडे जड. वर्षभराच्या हिशेबात आरशांवर पडलेल्या उन्हापैकी ५५ ते ६० टक्के शोषकापर्यंत पोचते, तेथे आणखी गळती, मग टर्बाइन, मग पंपांना आणि आरशांच्या मोटारींना लागणारी वीज. अखेरीस हाती १५ ते १८ टक्के येतात. आज सौर विद्युतघटांचे साधे फलक २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेने वीज देतात, आणि फार स्वस्त देतात. मग मनोरा कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारणारच. त्याला कार्यक्षमतेच्या आकड्याने उत्तर देऊ नये, कारण त्या तुलनेत मनोरा हरतो. मनोऱ्याचे समर्थन एकच : सूर्यास्तानंतर तासन्‌तास पुरणारी, टाकीत साठवलेली उष्णता. या कसोटीवर पाहिले तर कॅलिफोर्नियातील इव्हानपाह येथील केंद्राची रचनाच मुळात चुकीच्या दिशेने गेली असे म्हणावे लागते. २०१४ च्या फेब्रुवारीत उद्‌घाटन झालेल्या त्या केंद्रात तीन मनोरे, पावणेदोन लाखांच्या घरात आरसे आणि साडेपाचशे अंशांच्या जवळ जाणारी वाफ होती; साठवण मात्र नव्हती.

साठवणीच्या बाजूलाही दुखणी आहेत, आणि ती शोषकाच्या दुखण्यांहून महाग पडली आहेत. नेवाडातील टोनोपाजवळ ११० मेगावॅटचे ‘क्रेसेंट ड्यून्स’ हे केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. १०,३४७ आरसे, दहा तासांचा साठा. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची गरम क्षारांची टाकी गळू लागली आणि केंद्र सुमारे आठ महिने बंद राहिले. २०१९ मध्ये ते पुन्हा बंद पडले, २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि २०२१ मध्ये ते परत चालू करण्यात आले. मोरोक्कोत वारझाझातजवळ २०१८ मध्ये उभारलेल्या नूर-३ या १५० मेगावॅटच्या केंद्रातही २०२४ मध्ये गरम टाकीच गळली आणि वीज महिनोन्‌महिने थांबली. अशा टाक्यांच्या अभ्यासातून दिसते ते असे की टाकीचा प्रचंड तळ असमान तापतो, प्रसरण पावताना खालच्या पायाशी घासतो, आणि जोडांवर ताण येतो. आकाशात हजार सूर्य सोसणारा शोषक टिकला. जमिनीवर निमूट उभी असलेली टाकी फुटली. ५६५ अंशांना टाकीची ही अवस्था असताना ७०० अंशांच्या गोष्टी ऐकताना कान टवकारलेच पाहिजेत.

त्या गोष्टी आता गंभीरपणे होत आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने पुढच्या पिढीच्या मनोऱ्यासाठी द्रव, वायू आणि घन कण या तीन मार्गांतून घन कणांचा मार्ग निवडला आणि न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीच्या सँडिया प्रयोगशाळेकडे प्रायोगिक मनोऱ्याचे काम सोपवले. वाळूसारखे काळे कण उंचावरून पडद्यासारखे खाली सोडायचे आणि एकवटलेला प्रकाश थेट त्यांच्यावर पाडायचा, ही ती कल्पना. कण ७०० अंशांच्या वर तापतात. त्या उष्णतेवर वाफेऐवजी दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची टर्बाइन चालवायची आणि ५० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता मिळवायची, असा बेत आहे.

आपल्या टेकडीवर हा बेत तपासून पाहू. ५०० किलोवॅट तीव्रतेला ५६५ वरून ७०० वर जाण्याचा आदर्श लाभ दोन टक्क्यांचाच होता. तेवढ्यासाठी हा खटाटोप असेल तर तो व्यर्थ आहे. पण कणांना नळी नाही. भिंतच नसल्याने तिचे चाळीस अंश नाहीत, तिचे दमणेही नाही; कण गोठत नाहीत, त्यांचे विघटन होत नाही. म्हणून तीव्रता १००० किलोवॅटच्या वर नेता येईल, आणि तेथे टेकडीचा माथा खरोखरच ८५० अंशांकडे सरकलेला आहे. ५६५ च्या तुलनेत आदर्श लाभ मग साडेचार-पाच टक्क्यांचा होतो. शिवाय टर्बाइन अधिक कार्यक्षम झाली की तेवढ्याच विजेला आरसे कमी लागतात, आणि खर्चाचा सर्वांत मोठा एक वाटा आरशांचा असतो. ही बाजू वजनदार आहे.

दुसऱ्या बाजूला, कणांचा पडदा उघड्या खिडकीसमोर पडतो. त्या खिडकीतून चौथ्या घाताचे प्रारण जातेच, गरम हवाही जाते, आणि वाऱ्याबरोबर काही कणही उडतात. कण वर चढवायला उचलयंत्र लागते, आणि कणांतली उष्णता दाबाखालच्या वायूला देणारे उपकरण ७०० अंशांना वर्षानुवर्षे टिकले पाहिजे. त्यासाठी महागडे निकेलचे मिश्रधातू लागतात. म्हणजे धातूचा प्रश्न शोषकातून उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसला आहे. या मनोऱ्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष येतील तेव्हा बातमीच्या मथळ्यात कणांचे तापमान असेल यात शंका नाही. त्याच्या शेजारी तीव्रता किती होती, वारा किती होता, आणि सकाळी नऊ वाजता आत आलेल्या प्रकाशापैकी किती उष्णता साठवणीच्या टाकीपर्यंत पोचली, हे तीन आकडे छापलेले नसतील, तर शिक्षकांनी ती बातमी फळ्यावर लावण्यापूर्वी हे आकडे शोधावेत.